हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवतेय? चेकडिस्क नंतर, कॉपी आधी

कॉम्प्युटर सुरू होताना 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असा मेसेज येतो ('स्मार्ट' म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आणि त्याच्याच खाली 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असंही लिहिलेलं असतं. मग लोक एफ१ दाबतात आणि महिनोन्महिने दाबत राहतात. डिस्क ज्या दिवशी उघडेनाशी होते, त्या दिवशी बॅकअपची आठवण येते.

मेसेज दिसला की ही नोंद दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसला तर खालच्या तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. 'रॉ व्हॅल्यू' सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसते, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते प्रत्यक्षात १६. फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ती दशमान करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ०१ समोर अवाढव्य आकडा दिसतो. तो त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीचा भाग आहे, त्याला घाबरू नका.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे. हा आकडा लहान असून महिनोन्महिने तिथेच थांबला असेल, तर डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला चालेल. आठवड्यात वाढला तर नाही. सी५ जास्त फसवा. हे सेक्टर वाचता आलेले नाहीत आणि डिस्क त्यांच्यावर पुन्हा काही लिहिलं जाण्याची वाट बघतेय. लिहिताना सेक्टर ठीक निघाला तर सी५ कमी होतो, नाहीतर सेक्टर बदलला जातो आणि ०५ वाढतो. म्हणूनच पूर्ण फॉरमॅट मारल्यावर सी५ शून्य होतो आणि 'डिस्क रिपेअर झाली' असं सांगून ती परत दिली जाते. त्या जागचा डेटा मात्र कायमचा गेलेला असतो. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर.

सी७ (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) एकटाच वाढत असेल तर डिस्कपेक्षा तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवर आधी संशय घ्या. नवी केबल लावा, पोर्ट बदला. जुना आकडा कधीच उतरत नाही, फक्त पुढे वाढतोय का ते बघायचं.

आता कॉपी. चेकडिस्क ही विंडोजमधली डिस्क तपासायची कमांड '/आर' लावून चालवायचा सल्ला सर्रास मिळतो. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो घातक ठरू शकतो. तो अख्खी डिस्क तासन्तास वाचायला लावतो, आणि त्याचं काम फाइल सिस्टीम जुळवणं, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. तुटक्या फाइलींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून तो मोकळा होतो.

दुसऱ्या डिस्कवर आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा घ्या, सिनेमे शेवटी. माउसने ओढून कॉपी केली तर एखाद्या खराब फाइलीपाशी सगळं अडकून पडतं. विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरा, पण 'आर' (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही पर्याय १ ठेवून. नाहीतर ती मुळात प्रत्येक अडलेल्या फाइलीसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते!

एक्स्प्लोररच गोठत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू ही अख्ख्या डिस्कची प्रत काढणारी कमांड चालवा. ती आधी चांगला भाग उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. कुठवर वाचलं ते नोंदवणारी तिची मॅप फाइल जुन्या डिस्कवर ठेवू नका. ती असली की थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. जुनी आणि नवी डिस्क ओळखताना आकारावर विसंबू नका, सीरियल नंबर जुळवा. उलटसुलट झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर चढेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी काढून ठेवा.

टक्-टक् आवाज येत असेल तर यातलं काहीच नको. लगेच बंद करा. डेटा वाचणारं हेड खराब झालं असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना डेटा साठवणाऱ्या चकतीवर, म्हणजे प्लॅटरवर, ओरखडे पडू शकतात. डेटा मोलाचा असेल तर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेली डेटा रिकव्हरी लॅब गाठा. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा विसरा, आत दव साचतं.

फिरती चकती नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीचं तंत्र वेगळं. तिथे 'पर्सेंटेज यूज्ड' (किती झिजली), 'अव्हेलेबल स्पेअर' (किती राखीव जागा उरली) आणि 'मीडिया एरर' (डेटातल्या चुका) बघा, पण ती अनेकदा काहीच न सांगता एका झटक्यात जाते. हार्ड डिस्कचीही खात्री नाहीच: गूगलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार प्रमुख सूचकांपैकी एकही दिसला नव्हता.

नवी डिस्क आणली की पहिल्यांदा ०९ची, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालू होती याची, ओळ बघा. 'नवीन' म्हणून विकलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले, तर बिल घेऊन सरळ दुकानात जा.