हो की नाही?

पुण्यात येऊन अठरा वर्षं झाली. नाव-गाव सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्हाला वेगळा विदर्भ पाहिजे का?" विचारणारा बहुतेक वेळा हसत असतो. तुम्ही न हसता विचारलंत म्हणून सांगतो.

हो, पाहिजे. नागपूर करारात विदर्भाला दिलेली वचनं, हिवाळी अधिवेशनाची सहल हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. फक्त ही मागणी 'हिंदी शेटजींची' आहे असं म्हणू नका. मारवाडी पुढारी ब्रिजलाल बियाणी त्यात होते, मान्य. पण वणीचे लोकनायक बापूजी अणेही होते. १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती काय शेटजींच्या सांगण्यावरून? १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा ३१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाची थकबाकी, मोजला, त्यातले १२४६ कोटी एकट्या विदर्भाचे...

बघा, आवाज चढला. हाच आवाज घेऊन मी २००० साली तालुका हिंडलो. छत्तीसगडसह तीन राज्यं झाली होती, आता आपलीच पाळी असं वाटायचं. बरोबर मित्र होता, आमच्या सालदाराचा, म्हणजे सालाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, मुलगा. एमए, बौद्ध. मी देशमुखांच्या वाड्यातला. खळीची बादली त्याच्या हातात, पोस्टरं माझ्या. ती वाटणी आहे हे तेव्हा कळलंही नव्हतं.

पोस्टरवर बाबासाहेबांचं नाव घालायची कल्पना माझी. मराठी मुलखाची चार राज्यं करा, असं त्यांनी १९५५ मध्ये सुचवलं होतं. वस्तीत हे 'चालेल' असं मी म्हणालो होतो. हाच शब्द.

तीन आठवड्यांनी तालुका समितीची यादी केली. अकरा नावं. खाली 'सहकार्य' म्हणून त्याचं, तेही आडनावाशिवाय. त्याने यादी सावकाश वाचली.

"हे तं खरेदी-विक्री संघाचं संचालक मंडळ हाये ना?"

होतंच. दोन नावं सोडली तर तेच.

"मंग आमचा अनुशेष कोन मोजते?"

मी म्हणालो, "आधी राज्य तं होऊ दे. घरातलं मंग घरात पाहू." आमच्या आज्यांना असंच गुंडाळलं, हे मी रोज भाषणात सांगत होतो.

"बाबासायबाईचं थे पुरं वाचलं का?"

नव्हतं वाचलं. मला चार राज्यं तेवढी ठाऊक होती. प्रत्येक भाषेच्या मुलखात एखादी मोठी जात असते आणि लहान जाती तिच्या दाबाखाली राहतात, हे त्याच लिखाणात आहे. लहान राज्यं हवीत याचं एक कारणच ते होतं. ते सोडून बाकीचं मी पोस्टरवर घेतलं होतं.

रात्री यादीत मी पेन्सिलीने बारावं नाव लिहिलं, आडनावासकट. सकाळी काकांनी यादी पाहिली. त्या नावावर बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत. मी खोडरबर घेतला. कोणी सांगितलं नव्हतं हो. यादी छापून आली त्या दिवसापासून तो आला नाही. बादलीतली खळ अंगणात वाळून गेली.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, बारावं नाव असतं तर धरणं बांधून झाली असती का? कापसाचा भाव काय जात विचारून पडतो? नाही पडत. पण त्या वर्षी आम्ही सालदाराचे पैसे वाढवले नाहीत आणि कारण सांगितलं, सरकारने भाव दिला नाही. म्हणजे अन्याय मुंबईहून निघून वाड्यात आला आणि तिथून पुढे वस्तीत गेला. गडचिरोलीचा माडिया आदिवासी आमच्या आकड्यांत असतो, समितीत कधी दिसला नाही. अमरावतीवाल्याला तर मुंबईपेक्षा नागपूरचीच धास्ती जास्त.

याचा अर्थ मागणी खोटी होती का? तुम्हाला तसं ऐकायचं असेल तर माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. खरी होती असं पूर्वीच्या जोरात सांगायला गेलो की ते खोडरबर आठवतं.

गेल्या दिवाळीत तो अमरावतीच्या स्टँडवर भेटला. कानशिलं पिकलेली. घरचं, पोराबाळांचं बोलणं झालं. मग न राहवून मीच तुमचा प्रश्न विचारला.

"पाहिजे ना," तो म्हणाला. "नाही म्हटलं होतं का मी कधी?"

तेवढ्यात त्याची दर्यापूरची गाडी लागली.