तीन नंबरचं हेड आणि खोटं बोलणारी तार

गाडी १९७७ची फोक्सवॅगन टी-२, वेस्टफालियाची कॅम्पर. दोन लिटरचं टाइप-४ इंजिन (पाण्याऐवजी पंख्याच्या हवेने थंड होणारं), दोन सोलेक्स कार्बोरेटर, ७० अश्वशक्ती. आम्ही राहतो श्टुटगार्टजवळ, त्यामुळे म्युनिककडे निघालं की ए-८ महामार्गावरचा ड्राकनश्टाइनचा चढ टळत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये त्या चढावर इंजिन मलूल वाटलं, आणि वर जाऊन थांबलो तर मागून तापलेल्या तेलाचा वास. डॅशबोर्डवर मात्र सगळं आलबेल. असणारच, कारण तिथे आहे काय? तेलाच्या दाबाचा एक दिवा, चार्जिंगचा एक दिवा. तापमानाचा काटाच नाही. हवा उकळत नाही, ही या गाड्यांची जुनी फुशारकी. हवा नाही उकळत, मान्य. पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आणि त्यातल्या व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) पोलादाच्या. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, सीटची पकड ढिली होते आणि एखाद दिवशी सीट सुटून पिस्टनवर पडते. टाइप-४वाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

मार्च

तेलाचं सोपं होतं. ड्रेन प्लगच्या जागी बसणारा सेन्सर, एक तार, एक काटा, शनिवारची दुपार. पण तेल आळशी असतं. चढ सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी ते जागं होतं, तोवर हेडचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून हेडला थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर: स्पार्क प्लगखाली बसणारी तांब्याची रिंग, के टाइपची (धातूंची एक ठरावीक जोडी). सुरुवात तीन नंबरपासून, म्हणजे डावीकडचा पुढचा सिलिंडर. पुढचा म्हणजे गाडीच्या तोंडाकडचा. माझ्या इंजिनात त्याच्या प्लगचं पोर्सिलीन बाकी तिघांपेक्षा जास्त पांढरं निघत होतं, म्हणजे तो जास्त तापत असावा, संशय तिथेच.

रीडिंगसाठी अर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड) आणि थर्मोकपल वाचणारी मॅक्स-३१८५५ची चिप. पहिल्याच दिवशी चिप रुसली, नुसता फॉल्ट दाखवायची. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की रिंग हेडला टेकते, हेड म्हणजे गाडीची अर्थ, आणि चिपचा पुरवठाही मी गाडीच्याच बॅटरीवरून घेतलेला. थर्मोकपल अर्थला टेकलेलं या चिपला चालत नाही. उपाय हसण्याइतका साधा निघाला: अख्खी डबी मोबाईलच्या पॉवरबँकवर टाकली, गाडीशी संबंध फक्त रिंगपुरता. रुसवा संपला.

एप्रिल

इथे मी फसलो. ते सविस्तर सांगतो, कारण यात बरेच जण फसत असणार.

रिंगेची तार जेमतेम दीड मीटर, आणि इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे. घरात स्पीकरची तार पडली होती, ती इंजिनाच्या खोलीत सोल्डर करून पुढे आणली. बसवण्याआधी सगळी जोडणी स्वयंपाकघरात तपासली होती: उकळत्या पाण्यात रिंग धरली, ९९ अंश. छान! गाडीत बसवल्यावर सकाळी थंड इंजिनाचं रीडिंग आणि बाहेरचं तापमान तंतोतंत जुळलं. आणखी काय हवं?

मग रस्त्यावर सपाटीला ताशी ९०च्या वेगात हेड १४०. इतकं थंड? मी खूश. बायको म्हणाली, "आपलं इंजिन गेल्या ऑगस्टात वास मारत होतं ना रे?" तेव्हा डोकं खाजवायला लागलो.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांमधला फरक मोजतं. गरम टोक प्लगखाली. थंड टोकाचं तापमान चिप स्वतःच्या अंगाने मोजते आणि त्यात मिळवते. पण ज्या क्षणी के टाइपची तार संपून तांबं सुरू होतं, थंड टोक तिथेच होतं. माझं ते टोक इंजिनाच्या खोलीत ५५ अंशांत शिजत होतं आणि चिप पुढे २५ अंशांत बसून २५ मिळवत होती. म्हणजे रीडिंग सरळ ३० अंशांनी कमी. स्वयंपाकघरात जोड आणि चिप एकाच खोलीत, त्यामुळे तिथे तार खरं बोलली. सकाळच्या थंड गाडीतही तेच. खोटं बोलायची ती फक्त इंजिन तापल्यावर, म्हणजे नेमकं खरं हवं असायचं तेव्हा. ज्या जुन्या काट्यांमध्ये थंड टोकाची भरपाईच नसते, त्यांचं उन्हाळ्यात असंच होतं.

हिरव्या-पांढऱ्या रंगाची के टाइपचीच जोडतार आणली, चिपपर्यंत अखंड नेली. सपाटीला हेड १७२. आता पटलं.

मे

ड्राकनश्टाइनचा चढ, बाहेर २२ अंश, गाडीत दोघं आणि पाण्याची भरलेली टाकी. चौथ्या गियरमध्ये पाय दाबून धरला तर हेड दोन मिनिटांच्या आत १७५वरून २०८. तेल तेव्हा अजून ९६वरच होतं, ते ११०ला पोचलं वर पठारावर गेल्यानंतर, हेड उतरायला लागल्यावर. नुसत्या तेलाच्या काट्यावर भिस्त का ठेवू नये, ते मला त्या एका चढाने शिकवलं.

पुढच्या खेपेला तिसरा गियर, पाय अर्धा. वेग तोच ६०च्या आसपास, पण हेड १९६च्या वर गेलं नाही. टाइप-४मध्ये पंखा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर असतो, इंजिन जितकं फिरेल तितकी हवा. इंजिन ओरडतंय म्हणून वरचा गियर टाकणं ही आपली दया, त्याच्या जिवावर उठणारी.

तरीही १९६ जास्तच वाटत होतं. ठिणगीचं टायमिंग तपासलं, ठीक. कार्बोरेटरच्या बुडाशी हवा गळत नव्हती. मग एक साधा तापमापक इंजिनाच्या खोलीत पंख्याच्या तोंडाशी लटकवला. बाहेर २२ आणि पंखा ओढतोय ३४ची हवा! टॉर्च घेऊन आडवा झालो. इंजिनाचे पत्रे आणि बॉडी यांच्यामधलं रबर डाव्या बाजूला हातभर गायब. एक्झॉस्टजवळची तापलेली हवा त्या फटीतून वर येत होती आणि पंखा तीच पुन्हा हेडवर मारत होता.

यावर बाबांची चेतक आठवली. तिलाही फ्लायव्हीलवरचा पंखा आणि सिलिंडरला झाकणारं कव्हर. एकदा कुठल्याशा गॅरेजमध्ये ते कव्हर परत बसवायचं राहिलं, आणि कात्रजच्या घाटात गाडी सीझ. बाबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून म्हणाले होते, "पंखा फिरतोय रे, पण वारा जातोय कुठे?"

जून

नवं रबर बसवायला मी सहा तास घेतले. जाणकार दोनात करतील. साबणाचं पाणी लावा, बोटं वाचतील. तोच चढ, बाहेर २३, तिसरा गियर: पंख्याच्या तोंडाशी २६, हेड १८५, तेल कमाल १०२. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर हेडचा आकडा उलट चढतो, कारण पंखा थांबलेला. म्हणून हल्ली एक मिनिट तसंच चालू ठेवतो.

माझी लक्ष्मणरेषा २०५, त्यावर गेलं की पाय वर. हा आकडा प्लगखालच्या रिंगेचा आहे. तुमचा सेन्सर हेडमध्ये दुसरीकडे असेल तर जसाच्या तसा उचलू नका.

आता एक नंबरलाही रिंग लावायची आहे, उजवं-डावं ताडून बघायला. रिंग येऊन पडली आहे, पण त्या बाजूचा प्लग काढायला लागणारा पाना सापडत नाहीये.