तुम्ही विचारलंत म्हणून: एकटी बँकॉकला जाऊन दिवसभर करतेस तरी काय?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, ऑफिसात डबे उघडल्यावर येतो, जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या तरी येतो. त्यात दोन शंका दडलेल्या असतात. बाईमाणसाला तिथे एकटीने फिरताना भीती वाटत नाही का, ही एक. आणि सोबत बोलायला कुणी नसताना दिवस सरतो कसा, ही दुसरी. भीती मला वाटत नाही. दिवसभर भोवती माणसंच माणसं असतात. दुसऱ्या शंकेचं उत्तर सविस्तर देते.

माझा दिवस बराचसा पाण्यावर जातो. १७८२ साली ही राजधानी चाओ फ्राया नदीच्या पूर्वेच्या काठावर वसली. त्यामुळे राजवाडा, जुनी देवळं, जुने बाजार सगळं नदीच्या नाहीतर कालव्याच्या आसपास. हेच सगळं टॅक्सीने बघायला निघालात तर निम्मा दिवस सिग्नलला जाईल. स्कायट्रेनच्या सफान ताक्सिन स्टेशनवर उतरलं की खालीच साथोर्नचा धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट घ्या. पर्यटकांची वेगळी बोट असते, ती महाग पडते, आणि तिच्यात शहरातली माणसं भेटत नाहीत.

नारिंगी बोटीत शाळेची पोरं असतात, कामावर निघालेल्या बाया असतात, भगव्या वस्त्रातले भिक्खू असतात. भिक्खूंना बायकांचा स्पर्श चालत नाही, तेव्हा त्यांच्यापासून जरा अंतर राखून उभं राहायचं. कंडक्टर बाईच्या हातात लांबट पत्र्याची नळी असते. तिच्यातच सुटे पैसे आणि तिकिटं. बाई नळी खडखडवत येते, तुमच्या हातातली नोट घेते, नळी उघडून तिकीट फाडते आणि पुढे जाते. मला सगळ्यात आवडतो तो बोटीच्या मागच्या टोकाला दोर घेऊन उभा असलेला माणूस. चालक पुढे, त्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून हा शिट्टी वाजवतो. धक्का किती जवळ आला, दोर पडला की नाही, आता निघायचं का, हे सगळं शिट्टीवर चालतं. दोन-चार धक्के गेले की तुम्हालाही ती शिट्टी कळायला लागते.

पहिला मुक्काम पाक क्लोंग तलातचा फूलबाजार. झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्या आणि टोपल्या भरभरून रुईची पांढरी फुलं. आपण मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतो. तिथे रुईची फुलं मोगऱ्याबरोबर लांब सुईत ओवून छोटे गोल हार करतात आणि ते देवापुढे ठेवतात, गाडीत आरशाला लावतात. ओवणाऱ्या बाईशेजारी मी बराच वेळ उभी राहते. कुणी ‘चल, उशीर होतोय’ म्हणणारं नसतं.

मग ‘वाट फो’ हे बौद्ध मंदिर. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. इमारत मूर्तीला इतकी लगटून बांधलेली आहे की अख्खी मूर्ती एका नजरेत मावतच नाही; खांबांच्या मधून आधी चेहरा, मग कोपर, मग पाऊल असं बघत जावं लागतं. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत. मूर्तीच्या पाठीमागे १०८ पात्रांची रांग आहे, लोक एकेक नाणं टाकत जातात आणि तो आवाज सगळ्या दालनात चालू असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. राजवाड्याजवळ कुणी गोड बोलून ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणालं तर ऐकू नका, सरळ तिकीटखिडकी गाठा.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं शोधा, नाहीतर ‘जे’, म्हणजे तिथलं कडक शाकाहारी जेवण, एवढंच म्हणा. या जेवणात मासळी, अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. एरवी साध्या भाजीतही मासळीचा सॉस असतो.

दुपारी सेन सेप कालव्याची बोट. १८३७ साली खणायला घेतलेला हा कालवा शहराच्या मधोमध जातो. पाणी काळं, वास येतो, आणि बोट चांगलीच वेगात. कडेला उडणारं पाणी अडवायला प्लॅस्टिकचा पडदा असतो, दोरी ओढली की वर चढतो. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेल्याने दोरी ओढायची, साऱ्या रांगेसाठी. हेल्मेट घातलेला कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, आधाराला दोर धरून, तिकिटं देत चालतो. पुलाखालून जाताना वाकतो. या बोटीत अनोळखी बाईने माझ्यासाठी पडदा ओढलाय, मी तिच्यासाठी ओढलाय. ‘बोलायला कुणी नसतं’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

संध्याकाळी लुम्पिनी उद्यान. तळ्याकाठी भल्यामोठ्या घोरपडी निवांत फिरत असतात. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि पळणारे, चालणारे सगळे जागच्या जागी थांबतात; मीही थांबते. पुढे मोकळ्यावर एरोबिक्स. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. मी शेवटच्या रांगेत उभी राहते, पुढच्या आजी करतील तसं करते. उद्यानाच्या फाटकाजवळच मेट्रो आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर परतायचीही काळजी नसते.