म्हादईवर कयाक प्रशिक्षकाची तयारी: उस्ते ते सोनाळ

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या म्हादईचा हंगाम जून ते सप्टेंबर. उस्ते ते सोनाळ हा राफ्टिंगचा सुमारे १० किमीचा टप्पा पाण्याप्रमाणे दर्जा २ ते ३ मध्ये बसतो (खळाळत्या पाण्याची अवघडाई १ ते ६ अशा दर्जांत मोजतात). अमेरिकन कनू असोसिएशन कयाक प्रशिक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. तिच्या लेव्हल ४ प्रशिक्षकाला शिकवावं लागतं तेही याच दर्जाच्या पाण्यात, म्हणून त्या परीक्षेच्या सरावाला ही नदी चपखल. मुक्काम वाळपईला करा. पणजीहून कदंब बस मिळते, पण आठ-नऊ फुटी कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद होडी) सोबत असेल तर टपावर कॅरियर असलेली गाडीच ठरवा आणि ती वेळेवर सोनाळला उभी असेल हे आधी पक्कं करा. राफ्टिंगवाल्यांना सांगितल्याशिवाय उतरू नका.

पाणी कधी चढेल हे वाळपईच्या आभाळावरून कळत नाही. नदी येते खानापूरकडच्या घाटमाथ्यावरून. तिकडे रात्री कोसळला की इकडे ऊन असतानाही पातळी वाढते. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. कयाक तरंगती ठेवणाऱ्या आतल्या एअरबॅगा फुगवून, जाकीट-हेल्मेट चढवून झालं की पुन्हा बघा. दगड बुडाला असेल आणि काटक्या, पालापाचोळा वाहत असेल, तर तो दिवस काठावरच्या दोरीच्या सरावाला द्या. या नदीत खरी भीती लाटांची नाहीच, वळणाच्या बाहेरच्या अंगाला आडव्या पडलेल्या झाडांची आणि बांबूंची आहे. पाणी त्यातून आरपार जातं, माणूस अडकतो.

रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, दोन्ही बाजूंनी बसल्याशिवाय परीक्षेचं नाव काढू नका. गढूळ पाण्याखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे पॅडल कयाकच्या कडेला समांतर आलंय की नाही हे हातालाच कळलं पाहिजे. बहुतेकांचा रोल फसतो तो श्वासासाठी डोकं आधी वर काढल्याने. कंबरेने कयाक सरळ होऊ द्या, डोकं सगळ्यात शेवटी. आणि विद्यार्थी पाण्यात जाण्याआधी त्याच्या स्प्रे स्कर्टचा (कंबरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा) ओढायचा पट्टा बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी हात लावून बघा. पट्टा आत राहिला तर उलटल्यावर स्कर्ट सहज सुटत नाही.

नवशिका उलटतो तो हमखास एडीच्या रेषेवर, म्हणजे खडकाआडचं शांत पाणी (एडी) आणि धार जिथे भेटतात तिथे. एडीतून तो धारेत शिरतो, घाबरून प्रवाहाच्या वरच्या अंगाला कलतो आणि पाणी ती कड खाली ओढतं. त्याला एकच गोष्ट सांगा: वळतोयस त्याच बाजूला कल. दुसरी चूक दिसली तरी ती पुढच्या फेरीला. तुम्ही स्वतः खालच्या एडीत, कयाकचं नाक धारेकडे करून थांबा. वर थांबलात तर तो वाहून गेल्यावर नुसतं पाठीमागे धावणं होतं. परीक्षक तुमच्या वल्हवण्याइतकंच हे बघतात: कुठे थांबलात, किती कमी बोललात, प्रात्यक्षिक संथ आणि आडव्या बाजूने दाखवलंत का.

फेकदोरी १५ ते २० मीटरची घ्या. आधी ‘दोरी!’ अशी हाक, मग नेम पोहणाऱ्याच्या खांद्यापलीकडे. फेकल्यावर खाली बसा, दोरी हाताला गुंडाळू नका. पोहणाऱ्याने पाठीवर, पाय वर आणि पुढे ठेवून वाहायचं. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाऊल दगडांत अडकतं आणि धार माणसाला तोंडावर पाडते.

प्रमाणपत्राचे टप्पे दोन: प्रशिक्षक कार्यशाळा आणि त्यानंतरची परीक्षा. असोसिएशनचं सदस्यत्व आणि प्रथमोपचार-सीपीआरचं चालू कार्ड लागतं. प्रमाणपत्र ४ वर्षं चालतं, पुढे शिकवत राहिल्याची नोंद आणि उजळणी दाखवावी लागते. हाताशी वेळ असेल तर गोव्यातल्याच राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचा जीवरक्षक अभ्यासक्रम करून घ्या. या प्रमाणपत्राला तो लागत नाही, पण बुडणाऱ्याला हात घालण्याची सवय तिथे लागते.

पायाला उघडी जखम असेल तर त्या दिवशी नदीत उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा.