लायटनिंग किती खाली बसवायची? ह्यूस्टनवरून सविस्तर उत्तर

कोल्हापूरच्या ग्रुपवर माझ्या फोर्ड लायटनिंग पिकअपचा फोटो टाकून तिचं सस्पेन्शन बदलून उंची कमी करतोय म्हणजे खाली बसवतोय असं लिहिल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, भावा, एवढी भारी गाडी अजून खाली कशाला बसवतोयस, तिकडं तर पिकअप उंच करतात ना? करतात की. ह्यूस्टनच्या कुठल्याही पार्किंगमध्ये लिफ्ट किट टाकून कमरेएवढे टायर लावलेले ट्रक दिसतात. पण त्याच टेक्सासमध्ये उलटा नादही तेवढाच जोरात आहे, मेक्सिकन घरातली पोरं सिंगल केबिनचे जुने सिल्व्हरॅडो (शेव्हरोलेचे पिकअप) घेतात आणि असे खाली बसवतात की चाकाचा वरचा भाग मडगार्डमध्ये गायब होतो, रविवारी संध्याकाळी ओळीनं निघाले की माणूस थांबून बघतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे कंपनीनेच रस्त्यावर पळायला बनवलेले पिकअप. १९९१ ची जीएमसी सायक्लोन, टर्बो व्ही-६, चारही चाकांना ताकद. २००४ ते २००६ मधली डॉज रॅम एसआरटी-१०, तिच्यात चक्क वायपर स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं व्ही-१० इंजिन. आणि फोर्डची एफ-१५० लायटनिंग. आता त्याच नावाची इलेक्ट्रिक पिकअप आली म्हणून नवीन लोकांना तीच माहिती असते, पण मी बोलतोय ती १९९९ ते २००४ मध्ये विकलेली, पेट्रोलवाली.

माझी २००३ ची आहे. ५.४ लिटर व्ही-८, वर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप), ३८० हॉर्सपॉवर आणि ४५० पाउंड-फूट टॉर्क, वजन दोन टनांच्या वर, आणि एवढं सगळं फक्त मागच्या दोन चाकांवर जातं. पुढे चाक धरणारे वरखाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे मात्र सरळ ॲक्सल आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. हो, आपले ते पाटेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात काका जे बोलेरो पिकअपला जादा टाकून द्यायचे तेच. तिकडं जादा पाटा टाकतात कारण उसापासून सिमेंटपर्यंत सगळं न्यायचं असतं आणि मागून गाडी बसायला नको. माझं काम बरोबर त्याच्या उलट, पण हिशोब तोच आहे, पाट्याला वर जायला जागा किती उरते.

आणि गाडी खाली घ्यायचं किट निवडताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. किट विकताना इंचात विकतात. दोन-चार म्हणजे पुढून दोन इंच खाली आणि मागून चार. मागे जास्त का, तर साधा पिकअप रिकामा असताना मागून उंच उभा असतो, माल भरला की सपाट व्हावा म्हणून, मग ते उंचपण काढायला मागे आकडा मोठा घेतात. दिसायला छान दिसतं, प्रश्नच नाही. पण सस्पेन्शनला वर जायला ठरावीक जागा असते, ती संपली की रबराचा बंप स्टॉप लागतो. समजा ती जागा साडेतीन इंच आहे आणि तुम्ही नुसती छोटी स्प्रिंग टाकून गाडी दोन इंच खाली घेतली, तर उरली दीड. आता तीच गाडी तोच खड्डा, तोच वेग घेऊन दीड इंचात कशी सांभाळणार? म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते, स्प्रिंग कडक झाली की जुना शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरू शकत नाही, म्हणून शॉक बदलायचा, आणि तोही कमी लांबीचा, नाहीतर शॉक आतल्या आत टेकून फुटतो. म्हणजे दोन इंच हा आकडा एकटा येत नाही, त्याच्या मागून सगळं कुटुंब येतं.

आणि बंप स्टॉप नुसता खड्ड्यात लागला तर एक वेळ ठीक, धक्का बसला आणि संपलं. वळणात लागला तर गोष्ट वेगळी. वळणात गाडी एका बाजूला झुकते, त्या बाजूचा स्टॉप टेकला की स्प्रिंग एकदम दगडासारखी होते, आणि त्या टोकाच्या टायरची पकड कुठलीही सूचना न देता सुटते. पुढे झालं तर गाडी वळायचीच थांबते, मागे झालं तर मागची बाजू बाहेर निघते. ४५० पाउंड-फूट टॉर्क पायाखाली असताना हे मला नको आहे, आणि परफॉर्मन्स ट्रक असणाऱ्या कुणालाच नको असावं.

अजून एक गोष्ट, जी ऐकून माझा इंजिनिअर मित्रसुद्धा आधी मानायला तयार नव्हता. सगळ्यांना वाटतं खाली घेतली म्हणजे वळणात कमी झुकणार. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरंच आहे. पण पुढे नुसत्या छोट्या स्प्रिंगने खाली घेतलं की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते, ज्याला रोल सेंटर म्हणतात, तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारा जोरही वाढतो. म्हणून खूप खाली घेतलेल्या गाडीला मग जाड अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडून झुकणं अडवणारा दांडा) लागतो, म्हणजे आधी भूमिती बिघडवायची आणि मग ताकदीनं दाबून धरायची. शिवाय टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो, मग खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवता चाक आपोआप थोडं वळतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, वरून दिसत पण नाही.

यावर उपाय म्हणजे ड्रॉप स्पिंडल. स्पिंडल म्हणजे आर्मच्या टोकाला असलेला, चाक धरणारा भाग. यात चाकाचा हबच स्पिंडलवर वर सरकवलेला असतो, त्यामुळे आर्म आहेत तिथेच, स्प्रिंग कंपनीची, वर जायची जागा जवळपास तेवढीच, आणि गाडी मात्र खाली. पुढून दोन इंच किंवा जास्त हवं असेल तर माझ्या मते स्पिंडलच, नुसत्या स्प्रिंगच्या नादाला लागू नये. फक्त विकत घ्यायच्या आधी आपल्या ब्रेकचा कॅलिपर, एबीएस सेन्सर आणि रिम याला बसतात का हे बघायचं, साध्या एफ-१५० साठीचा भाग लायटनिंगला बसेलच असं धरून चालू नका.

मागचं प्रकरण वेगळं. तिथे तीन वाटा. एक, शॅकल आणि हँगर बदलणे, म्हणजे पाट्याची दोन टोकं फ्रेमला जिथे धरलेली असतात ती जागा वर नेणे. दोन, ॲक्सल फ्लिप, म्हणजे पाट्याखाली असलेला ॲक्सल पाट्याच्या वर घेणे, यात गाडी एकदम खूप खाली येते आणि ॲक्सल फ्रेमला आपटू नये म्हणून फ्रेमला अर्धगोल कापून तिथे मजबुतीचा तुकडा बसवावा लागतो, त्याला सी-नॉच म्हणतात. तीन, पाटे पूर्ण काढून एअर बॅग किंवा कॉइल आणि लिंकवाली वेगळी रचना, पैसा असेल तर राजेशाही.

मी शॅकल-हँगर घेतलं. इथे एक हिशोब बहुतेकजण विसरतात, ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असतो, त्यामुळे एक टोक दोन इंच हलवलं तर ॲक्सलपाशी फरक पडतो साधारण एक इंच. आणि एकच टोक हलवलं तर ॲक्सल जागेवर थोडा फिरतो, पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडलेली असते त्या गिअरचा, कोन बदलतो, प्रॉपेलर शाफ्ट थरथरायला लागते, हायवेला सत्तर मैलांवर सीटमधून कळतं. म्हणून दोन्ही टोकं, आणि तरी कोन चुकला तर पाट्याखाली अंशांची पाचर.

मी स्वतःसाठी ठरवलं ते असं, पुढून एक इंच, मागून दोन इंच, बस. कारण लायटनिंग कंपनीतूनच साध्या एफ-१५० पेक्षा खाली बसवलेली आहे. साध्या ट्रकसाठीचं दोन-चार किट दिसलं की आधी विचारायचं, दोन-चार कशापासून? पुढे एकाच इंचाला आर्मचा कोन फार बदलत नाही, म्हणून स्पिंडलची गरज नाही, स्प्रिंग आणि तिच्या लांबीला जुळणारा शॉक पुरतो. त्यात माझे टायर २९५/४५ आर १८, अठ्ठावीस इंचाच्या वर उंच आणि चांगलेच रुंद, जास्त खाली घेतली की पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासणार. आणि ह्यूस्टनची जमीन, हा मुद्दा दुसरीकडच्या लोकांना समजत नाही. खाली चिकणमाती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचे काँक्रीटचे स्लॅब वरखाली होतात, दर काही फुटांवर सांधा आणि सांध्याला पायरी. वर रेल्वे क्रॉसिंग आणि जोराचा पाऊस आला की तासाभरात तुंबणारे रस्ते. कॅलिफोर्नियातल्या गुळगुळीत रस्त्याचा फोटो बघून किट मागवायचं नाही.

बसवलं आमच्या ऑफिसमधल्या एका मेक्सिकन दोस्ताच्या गॅरेजमध्ये, त्याच्या वडिलांचा यात हात बसलेला. कंपनीचा हँगर फ्रेमला नटबोल्टने नाही, रिव्हेटने असतो. म्हाताऱ्याने आधी ग्राइंडरने रिव्हेटचं डोकं सपाट केलं, मग मधोमध ड्रिल मारलं आणि हातोड्यानं पंच मारून रिव्हेट मागं पाडली, गॅस कटर तिथेच होता पण फ्रेमला आच लावायची नाही म्हणाला. मग सगळं हातानं जुळवून ठेवलं, पण पाट्याच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्ट आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, दोन वेळा मागं दाबून हलवली, आणि मग खाली सरपटत जाऊन आवळले. कारण रबरी बुश हवेत असताना आवळला की तो त्याच स्थितीला घट्ट होतो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पाटा आणि ॲक्सल एकत्र आवळणारे यू-बोल्ट नवे, जुने परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले की गेले.

उंची कशी मोजली हेही सांगतो, मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत नाही, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरची हवा आणि झीज हिशोबात येत नाही. आणि पुढच्या शॉकच्या दांड्याला एक साधी प्लास्टिकची झिप टाय बांधली, शॉकच्या नळीला टेकवून. चक्कर मारून आलो की ती किती वर सरकली ते बघायचं, सस्पेन्शननं किती जागा वापरली ते दिसतं. ती वरपर्यंत गेली असती तर एक इंचसुद्धा जास्त झाला असता. क्रॉसिंगवरून, स्लॅबवरून सगळीकडून फिरवली, वर बोटभर जागा शिल्लक होती.

आता ग्रुपवर ज्यांनी विचारलं की बोलेरो कॅम्परला असं करता येईल का. आपल्याकडे भारतात मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या बाहेर जाऊन गाडीत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. टेक्सासमध्ये तर २०२५ पासून खासगी गाडीची वार्षिक सेफ्टी तपासणीच बंद झाली, ह्यूस्टनसारख्या भागात फक्त धुराची तपासणी राहिली. माझं मत विचाराल तर त्यामुळे इथे जबाबदारी वाढलीय, काम बरोबर झालंय का हे बघणारं सरकारी माणूस कुणी नाही.

तेव्हा ज्यांचा अमेरिकेत असा ट्रक आहे त्यांना एवढंच, बजेट करताना किटच्या किमतीत शॉक, अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करून घेणं) आणि नवे यू-बोल्ट धरूनच आकडा काढा. काही शे मैल चालल्यावर यू-बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, स्प्रिंग थोडी बसते, तेव्हा अलाइनमेंट त्यानंतर करा, आधी नको. आणि हेडलाइट, पुढच्या-मागच्या उंचीचं प्रमाण बदललं की झोतही बदलतो, रात्री सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटचे स्क्रू फिरवून घ्या, समोरच्याच्या डोळ्यात जायला नको.