मुलाची पोटगी : ऑर्डर झाली म्हणजे पैसे आले असं नाही (माझा अनुभव)

नात्यातल्या, ऑफिसातल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी माहेरी राहते, मुलगा सातवीत आहे, घटस्फोट झालेला नाही आणि पोटगीसाठी तो लागतही नाही, वेगळं राहत असलो तरी मुलाचा खर्च मागता येतो.

मी २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून तेच बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ झालंय, नंबर बदलला पण गाभा तोच आहे. सासर दुसऱ्या जिल्ह्यात, पण आपण राहतो तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, त्यामुळे तारखेला प्रवास त्यांना. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर मॅजिस्ट्रेट कोर्टात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, नोकरी असली तरी मोफत वकील मिळतो. माझी आई म्हणायची फुकटची वकील काय लढणार, पण मला मिळालेल्या वकील मॅडमनी माझ्याकडून शाळेच्या फीच्या पावत्या, रिक्षावाल्या काकांची सही, डॉक्टरची बिलं अशी काही पिळून काढली की विचारू नका.

खरी केस ठरली ती ॲफिडेव्हिटवर. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की दोघांनीही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यायचं. माझ्या नवऱ्याचं गॅरेज आहे आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न वर्षाला तीन लाख. ठीक आहे, पण कर्जाच्या रकान्यात चारचाकीचा हप्ता महिन्याला १४ हजार, म्हणजे तीन लाखातले दीड लाखाच्या वर नुसते गाडीलाच, मग हा माणूस खातो काय? मॅडमनी बँक स्टेटमेंट मागवायला लावलं तर रोजचे यूपीआयचे पैसे जमा होताना दिसले, गॅरेजचं गिऱ्हाईक दुसरं काय. म्हणून सांगते, तिथे भांडणाच्या गोष्टी सांगत बसू नका, त्यांच्या ॲफिडेव्हिटमधली ओळ न् ओळ वाचा.

लोक म्हणतात पगाराच्या २५ टक्के मिळतात. तो आकडा २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालातला आहे आणि तोही बायकोच्या पोटगीबद्दलचा, कायद्यात असा ठरलेला टक्का नाही. मुलाच्या गरजा, बापाची ऐपत आणि आईची कमाई हे सगळं बघतात. मला पगार आहे म्हणून मला काही नाही, मुलाला दरमहा ९ हजार, तेही अर्जाच्या तारखेपासून, त्यामुळे मागची थकबाकी हप्त्याने द्यायला सांगितली. आई कमावते म्हणून बाप सुटला असं होत नाही एवढं त्यांच्या वकिलाला कोर्टाने तोंडावर सांगितलं, ते ऐकून बरं वाटलं खरं.

मग सुरू झाला दुसरा अंक. सुरुवातीला पैसे आले आणि मग बंद, "गॅरेज चालत नाही" म्हणे. अशा वेळी वसुलीचा अर्ज टाकायचा आणि इथे एक मुदत आहे जी फार जणींना माहीतच नसते, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत. आमचं पहिलं वॉरंट "इसम घरी मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आलं! मग आम्ही गॅरेजचा पत्ता, उघडायची वेळ, पाटीचा फोटो असं सगळं अर्जाला जोडून दिलं, तर पुढच्या तारखेला साहेब अर्धी थकबाकी घेऊन स्वतः हजर.

पैसे फक्त बँकेतून घ्या. मुलाला वाढदिवसाला सायकल घेऊन दिली ती पोटगीत धरा असं म्हणणं आलं होतं, कोर्टाने ते धरलं नाही, पण रोख घेतले असते तर कुणी किती दिले यावर वर्ष गेलं असतं. आणि पैसे थकले म्हणून मुलाची भेट मी कधी अडवली नाही. घरचे चिडायचे, पण मॅडम स्पष्ट बोलल्या, भेट हा मुलाचा हक्क आहे आणि पोटगी पण मुलाचीच, एकाचा राग दुसऱ्यावर काढलात तर कोर्टात तुम्हीच उघड्या पडाल. रविवारी तो जातो, संध्याकाळी हात काळे करून येतो, गॅरेजमध्ये पाने आणून देतो म्हणे बाबांना.

या कलमाखाली मुलाला पोटगी १८ वर्षांपर्यंत, अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर पुढेही. हिंदू मुलगी असेल आणि तिचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली लग्न होईपर्यंत मागता येते, फक्त तो वेगळा दावा.

रक्कम एकदा ठरली की कायमची असं मात्र नाही, परिस्थिती बदलली तर वाढवून किंवा कमी करून मागता येते. शाळेची फी वाढली, आता क्लासही लावावा लागणार, म्हणून मी वाढीचा अर्ज टाकलाय. त्यांनी कमी करायचा टाकलाय. दोन्हींची तारीख दिवाळीनंतर आहे.