ना.

दुपारी ओटा पुसत होते, तेवढ्यात लग्नपत्रिका आली. तीन पदरी, गुळगुळीत, वर सोनेरी गणपती. नवरा-नवरीची नावं सापडायला वेळ लागला, कारण एक अख्खं पान ‘प्रमुख उपस्थिती’ने अडवलं होतं. भाची यंदाच पहिलीत गेली आहे, दिसेल ते वाचत सुटते. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवून सुरू केलं, ‘‘खा... आ... आ... ना...’’ आणि थांबून म्हणाली, ‘‘मावशी, हे बाळाला भरवतायत का?’’

हसू आवरेना. खासदार, आमदार, नामदार. शिवाय ‘मा. आ.’ होतेच. त्यातला ‘मा.’ माननीय की माजी, हे ज्याचं त्यानं सोयीनं ठरवायचं.

पण ‘ना.’पाशी बोट थांबलं ते माझं. आमचं जुनं प्रकरण आहे ते.

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्या मे महिन्यातली गोष्ट. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला बंदी, आणि वाचल्याशिवाय जेवण न जिरणारा माणूस. मग माळ्यावरच्या ट्रंकेतले जुन्या मासिकांचे बांधीव अंक खाली आले आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर दोन पानांना एक श्रीखंडाची गोळी, हा करार. पानं पिवळी, कडा बिस्किटासारख्या मोडणाऱ्या. त्यात जागोजागी ‘ना. गोखले’. मी टिंबाची पर्वा न करता खणखणीत वाचायची, ‘‘ना गोखले.’’ शाळेतल्या हजेरीची सवय, त्यामुळे माझी खात्रीच होती की हे गृहस्थ आलेले नाहीत. दोन-तीन दिवस मी गप्प राहिले. शेवटी राहवेना. ‘‘आजोबा, हे गोखले सगळीकडे गैरहजरच कसे?’’

आजोबा इतके हसले की आजी स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘अहो, टाके!’’

‘‘अगं, नामदार गोखले.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे... नाव असलेला माणूस.’’

नाव तर मलाही होतं. पण गोळी तोंडात होती, म्हणून वाद घातला नाही.

हल्ली पत्रिकेत मंत्र्यांच्या नावामागे लागतो तो ‘ना.’ इंग्रजी अमदानीत कायदेकौन्सिलाच्या, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळाच्या, सभासदांना लागायचा. इंग्रजीतल्या ‘ऑनरेबल’चं हे मराठी रूप. मुंबई इलाख्याचं कौन्सिल १८६१च्या कायद्यानं आलं आणि १८६२ साली त्यावर बसलेले पहिले आपले लोक म्हणजे नाना शंकरशेट आणि मंडळी. पुढे रावसाहेब मंडलिक आले, तेलंग आले, दादाभाई आले, न्यायमूर्ती रानडे आले, फेरोजशहा आले. फोर्टात चप्पल तुटेपर्यंत फिरताना आपण निम्मा वेळ या कौन्सिलावरूनच चालत असतो. दादाभाई नौरोजी रोडवरून वळलं की फेरोजशहा मेहता रोड. माटुंग्याला तेलंग रोड आहे, तिथं मी कित्येकदा इडली खायला गेले असेन, तेलंगांची आठवण एकदाही झाली नाही.

माणसं अशी एकेक, आणि काम काय? सरकारनं मांडलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलायचं, बस्स. प्रश्न विचारायचा नाही. १८९२चा कायदा आल्यावर प्रश्न विचारता येऊ लागला, पण आधी लेखी कळवून, आणि उत्तर ऐकून पुन्हा उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोला, मत मात्र देऊ नका. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवायला काय करू?’ असं फार अगत्यानं विचारतात, आणि तोवर आमटीला उकळी फुटलेली असते. तसंच.

निवडणुकीची तऱ्हा आणखी मजेची. ‘निवडणूक’ हा शब्दच त्या कायद्यात येऊ दिला नव्हता. म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांनी नाव ‘सुचवायचं’ आणि गव्हर्नरसाहेबांनी नेमायचं. लोक आपले खुशाल निवडून आले म्हणायचे. टिळक १८९५ साली असेच मध्य भागातल्या लोकल बोर्डांकडून कौन्सिलात गेले. दोनच वर्षांनी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात ‘ना.’ लावत नसत, एवढं नक्की.

गोखले कौन्सिलात शिरले ते शतक सरता सरता. फर्ग्युसनमधला प्राध्यापक, अंकगणिताचं पुस्तक लिहिलेला, आकडा चुकू न देणारा आणि आवाज चढू न देणारा. आजोबांना ते फार आवडत. आजीच्या माहेरी टिळक-पंथ होता, त्यामुळे आमच्या घरात हा विषय जेवताना निघत नसे.

तर १९०१चा ऑगस्ट. दुष्काळानं शेतकरी आधीच मोडलेला, आणि सरकारनं जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकला म्हणून जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत कसायला द्यायची, पण ती विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क त्याला ठेवायचा नाही. सावकाराच्या तावडीतून त्याला सोडवायचं म्हणून, असं सरकारचं म्हणणं. फेरोजशहांनी सांगितलं, घाई नको, आधी लोकांचं मत तर घ्या. सरकारी सभासद जास्त, त्यामुळे सूचना पडली. बोलून झालं होतं, आकडे दाखवून झाले होते. फेरोजशहा उठले आणि बाहेर पडले. पाठोपाठ आणखी काही जण. त्यांत गोखलेही, ज्यांना उठून जाणं अजिबात शोभणारं नव्हतं.

हे मी कॉलेजात असताना वाचलं. तेव्हा आजोबा नव्हते. असते तर तडक जाऊन सांगितलं असतं, की तुम्ही उगाच हसलात, एक दिवस तरी मी बरोबर वाचलं होतं.

त्यांच्यामागे ते बिल मंजूर झालं.

भाचीनं मधल्या वेळात पत्रिकेच्या गणपतीला पेनानं चष्मा काढला आहे. लग्न रविवारी, कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि एवढ्या खा., आ., ना. मंडळींची भाषणं झाल्यावर पंगत बसणार. बघू.